जावयाच्या घरचं नेट

वायफाय पाण्यात मोडतं की हवेत, यावर आमच्या आळीत दोन दिवस वाद चालला होता. वाद मीच लावला होता, म्हणून तो मला नीट आठवतो.

लेकीचं बाळंतपण मलेशियात व्हायचं होतं. लेक आणि जावई दोघंही तिकडे नोकरीला. मी नुकतीच अंगणवाडीतून निवृत्त झाले होते, गुडघे अजून शाबूत होते आणि लेकीने हट्टाने काढायला लावलेला पासपोर्ट ट्रंकेत पडून होता. तेव्हा जायचं मीच, हे न बोलता ठरलं. आमचं गाव सिंदेवाहीपासून आठ-नऊ किलोमीटर आत, जंगलाला लागून. कापणीचे दिवस होते आणि उभं धान टाकून घरधनी कुठे हलणार नव्हते. शिवाय त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता आणि काढायची इच्छाही नव्हती.

मला त्यांनी खुशीने जा म्हटलं, पण एक अट घातली.

'जावयाच्या घरचं नेट वापरू नोको.'

आता याच्यामागे रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये, असं आमच्याकडची जुनी माणसं मानतात. माझ्या आईने ती रीत माझ्या बाबतीत पाळली. माझ्याकडे यायची ती पितळी तांब्यात स्वतःचं पाणी घेऊन, आणि ते संपलं की माझ्याच दारासमोरच्या हापशीवर तांब्या भरून घ्यायची. हापशी सरकारची आहे, म्हणायची, तुझ्या सासऱ्याची नाही. रीतही मोडायची नाही आणि तहानेनं मरायचंही नाही, ही अक्कल मला तिच्याकडूनच आली.

'मंग जेवाचं काय?' मी विचारलं.

'जेवनाचं मी काई म्हनत नाई. तू तिथी राबशीन, मंग खाशीन. ते मजुरीत गेलं. पर नेट फुकटचं हाये. ते घ्याचं नाई.'

हे बोलणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाही नेट वापरलेलं नाही. त्यांचा फोन बटणांचा. मी हसून सोडून द्यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर जावयाकडे पासवर्ड मागायचं माझ्याही जिवावर आलं होतं. जावई चांगला आहे, आणि चांगल्या माणसाकडे मागणं जास्त अवघड असतं. म्हणून मी अट कबूल केली आणि मजा बघायला ती आळीतल्या बायांसमोर मांडली.

शेजारणीच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिने लगेच निकाल दिला. 'पान्यातच येते ते. नळावानी भितीतून येते अन् बिलबी महिन्याचं येते.'

आळीतली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली, 'दिसत नाई, हाताले लागत नाई, ते हवेत मोडते. हवा कोनाच्या बापाची हाये?'

निम्म्या बाया पाण्याच्या बाजूने, निम्म्या हवेच्या. एकीने तर अन्नाचा पक्ष घेतला, कारण तिचा नवरा नेट संपलं की जेवत नसे. घरधन्यांनी हे सगळं ओसरीतून ऐकलं आणि काहीही बदललं नाही. घरातलं ते घरातलं, म्हणाले.

तेव्हा माझ्या स्वतःच्या नेटची सोय बघायला मी सिंदेवाहीला भाभीच्या दुकानात गेले. भाभीचं दुकान अर्धं बांगड्यांचं आणि अर्धं रिचार्जचं. ती दोनदा उमराहला जाऊन आलेली, त्यामुळे परदेशी फोनाच्या बाबतीत आमच्या तालुक्यात तिच्या शब्दाला वजन. माझ्या हातात बांगड्या चढवत चढवत तिने मला चार रस्ते सांगितले. एक, आपल्याच सिमवर परदेशी पॅक मारायचा. नंबर तोच राहतो, पण दिवसाच्या हिशेबाने पैसे जातात, वापरा की नका वापरू. दुसरा, तिकडे उतरल्यावर तिकडचं सिम घ्यायचं. नेट भरपूर आणि स्वस्त, नंबर मात्र नवा. तिसरा, कार्ड नसलेलं सिम, जे चौकोनी ठिपके स्कॅन केले की फोनात शिरतं. माझा फोन जुना, त्याला ते जमणारं नव्हतं. आणि चौथा, यातलं काहीच न घेता जावयाच्या वायफायवर राहायचं. भाभीच्या मते चौथाच सगळ्यात शहाणा.

'चौथा बंद हाये,' मी म्हटलं आणि का ते सांगितलं.

भाभी इतकी हसली की एक बांगडी फुटली. मग तिने खरा प्रश्न विचारला. 'बाई, पहिले हे सांगा, तुमी बोलनार कोनासंग अन् तो बसते कुठी?'

बोलायचं तर घरधन्यांशीच होतं. आणि आमच्या गावात रेंज येते ती फक्त तलावाच्या पाळीवर. घरात नाही, धानाच्या बांधीत नाही, ग्रामपंचायतीत तर नाहीच. संध्याकाळी पाचला घरधनी म्हशी पाण्यावर नेतात, तेवढा अर्धा तास त्यांचा फोन जिवंत असतो.

'मंग तुमाले रोज दोन जीबी कायले पायजे?' भाभी म्हणाली. 'तितलं नेट तुमी तिकडून ढकलान, पर पाळीवर येऊन सांडून जाईन. भाऊचा फोन बटनाचा हाये.'

तिचं बरोबर होतं आणि मला त्यातून आणखी स्वस्त कल्पना सुचली. मिस कॉल. मिस कॉलला पैसे लागत नाहीत, आणि मिस कॉलच्या विद्येत आमच्या भागाचा हात कोणी धरू शकणार नाही. एक मिस कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे स्टँडवर घ्यायला ये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. फक्त नंबर माझाच राहायला हवा होता, कारण अनोळखी नंबर दिसला की घरधनी उचलतात आणि भांडतात. म्हणून मी माझंच सिम ठेवलं, रिंग जाण्यापुरता सगळ्यात लहान पॅक मारला, आणि भाभीने माझ्या फोनातला डेटा बंद करून वर बजावलं की ते बटण चुकूनही दाबू नका. निघताना जावयाचा नंबर तिच्याकडे लिहून ठेवला, वेळप्रसंगाला.

घरी आल्यावर आम्ही दोघं ओसरीत बसून खुणा ठरवायला लागलो.

'एक म्हंजे सगळं बरं हाये,' मी म्हटलं. 'तुमी तो कट कराचा, म्हंजे मले समजन तुमीबी बरे हा. दोन म्हंजे मले बोलाचं हाये, भाभीच्या दुकानी जा. तीन म्हंजे लेकरू झालं, मायलेकरं बरी.'

'अन् चार?'

'चार कायले पायजे?'

'असू दे.'

'काऊन असू दे?'

ते जरा वेळ सुतळी वळत बसले. मग म्हणाले, 'चार आले तं मी समजून जाईन. कोनाले सांगा नाई लागन.'

मला कळलं. दोन वर्षांपूर्वी लेकीचं पहिलं बाळ सहाव्या महिन्यात गेलं होतं. जावयाचा फोन आला तेव्हा घरधनी पाळीवर होते. रेंजसाठी आलेली दहा-बारा माणसं आजूबाजूला उभी होती, आणि घरधन्यांच्या फोनाचा कानाचा आवाज बिघडलेला, बोलणं येतं ते फक्त स्पीकरवर. बातमी सगळ्या पाळीने एकदम ऐकली. त्यांनी फोन खिशात टाकला आणि म्हशींना हाक मारली. त्यानंतर त्या विषयावर त्यांनी घरात एक शब्द काढला नव्हता, तो आज काढला.

मला त्यांची दया यायला हवी होती. आला तो राग. जायच्या आधीच कशाला ते तोंडातून काढायचं, म्हणून मी उठले.

'चार मी देनारच नाई,' मी म्हटलं.

'नोको देऊ. पर असू दे.'

मलेशियात जावयाने मी आत पाऊल टाकताच वायफायचा पासवर्ड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजला चिकटवला. मी फ्रिज उघडताना छताकडे बघायची. लेकीने दोन दिवस ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, 'माय, तुझी मान अवघडली काय?' मी तिला अट सांगितली तेव्हा ती पोट धरून हसली, आणि त्या पोटाला तसं हलताना पाहून मीच घाबरले. खाली मोठा मॉल होता, तिथलं फुकटचं वायफाय मात्र मी बिनदिक्कत घेतलं. मॉल काही माझा जावई नव्हता. हापशीवर तांब्या भरणाऱ्या आईची मी लेक, मॉलच्या बाकावर बसून आळीतल्या बायांना तिथल्या फळांचे फोटो पाठवायची आणि शेजारीण प्रत्येक फळाखाली 'भाव काय' म्हणून विचारायची.

आणि रोज आपल्या पाच वाजता, म्हणजे तिकडच्या साडेसातला, मी एक रिंग द्यायची. दोनदा वाजून ती कट व्हायची. तो कट झाला की मला बरं वाटायचं. चौतीस वर्षांच्या संसारात इतकं नियमाने आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो.

बाराव्या दिवशी सकाळी लेकीला कळा सुरू झाल्या. जावई गाडी काढत होता, मी पिशवी भरत होते. त्या गडबडीत मला वाटलं, निघताना एक रिंग द्यावी. बरं आहे, निघतोय, एवढंच. घरधनी त्या वेळी बांधीत, फोन लागला नाही. पण त्याची मला फिकीर नव्हती. आमच्याकडे फोन लागला नाही तरी मिस कॉल पोचतो. माणूस रेंजमध्ये आला की कंपनीचा मेसेज येतो, या नंबरवरून इतके कॉल आले होते. अर्धा तालुका त्या मेसेजवर चालतो.

दुपारी नात झाली. लेक थकलेली पण हसत होती, नात लाल आणि संतापलेली. मी कोपऱ्यात जाऊन एकामागून एक तीन रिंगा दिल्या. तिन्ही लागल्या नाहीत, तिन्ही पोचणार होत्या. मग नर्सने फोन बंद करून ठेवायला सांगितलं आणि मी तो खुशाल बंद केला. साडेसात वाजले तेव्हा, रोजची रिंग द्यायची काय गरज, त्यांच्याकडे तीन गेलेत, आता ते आळीत पेढे वाटत असतील, असं मनाशी म्हणत मी नातीच्या टोपऱ्याची नाडी बांधत बसले.

तासा-दीड तासाने जावई फोन घेऊन आला. 'आई, इंडियातून कोणीतरी बाई व्हिडिओ कॉल करतायत. मागे बांगड्या दिसतात.'

पडद्यावर आधी भाभी आली, मग फोन हलला आणि घरधन्यांचं अर्धं कपाळ आलं. घामाने भिजलेलं. भाभीने त्यांचा हात धरून फोन सरळ केला तेव्हा चेहरा दिसला.

'पोरगी कशी हाये?' ते म्हणाले. बाळाचं विचारलंच नाही.

'बरी हाये ना. झोपली हाये. नात झाली तुमाले. मी तीन वाजवले, भेटले नाई काय?'

त्यांनी दुसऱ्या हाताने आपला बटणांचा फोन वर धरला.

'चार आले,' ते म्हणाले.

'तीन.'

'चार. मेसेज हाये माह्याजवळ.'

'तीनच दिले मी.'

'चार आले मनतो ना.'

'मले तीनपर्यंत मोजता येते. तीस वर्षं अंगनवाडीत पोराईले तेच शिकवलं.'

असे आम्ही दोन देशांत उभे राहून, जावयाच्या नेटवर, तीन की चार यावर भांडलो. नर्स दारातून बघून गेली. शेवटी भाभी मध्ये पडली. 'बाई, सकाळी एखादा वाजवला होता काय?'

मी बोटांवर मोजलं. सकाळचा एक आणि दुपारचे तीन. रेंजमध्ये आल्यावर कंपनीने बेरीज करून एकच मेसेज दिला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आळीतली सगळ्यात हुशार मिस कॉलवाली मी, आणि बेरीज विसरले होते. जी खूण कधी देणार नाही असं म्हणाले होते तीच पाठवली होती, आणि वर फोन बंद करून बसले होते.

मी काही बोलायच्या आत जावयाने नातीला पडद्यासमोर धरलं. घरधनी नुसते बघत राहिले.

'डोये उघडते काय?'

'उघडते.'

'नाक कोनावर गेलं?'

'तुमच्यावर.'

'मंग कठीन हाये,' ते म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. लेक जागी झाली, तिने हात हलवला, बाबा म्हणाली. ते दुसरीकडे बघून नाक पुसायला लागले. कॉल अर्धा तास चालला. भाभीचं गिऱ्हाईक बांगड्यांसाठी ताटकळत होतं आणि तेही वाकून नात बघून गेलं. ठेवायच्या आधी त्यांना आठवलं.

'तिकडून हे नेट कोनाचं चालू हाये?'

'जावयाचं.'

त्यांनी पुन्हा नातीकडे पाहिलं. मग म्हणाले, 'आता चालते. लेकरू झालं.'

त्या दिवशी घरी गेल्यावर मी फ्रिजवरचा पासवर्ड पहिल्यांदा सरळ मान करून वाचला. 'बाबाआई१२३' होता. माझ्यासाठी आणि घरधन्यांसाठीच बदलून ठेवला होता पोराने.

दोन महिन्यांनी मी परत आले. सिंदेवाहीला उतरले ती आधी भाभीकडे गेले, कारण मला काही गोष्टी विचारायच्या होत्या. भाभीने सांगितलं की त्या संध्याकाळी भाऊ सायकलवर आले, आणि दुकानात माणसं होती म्हणून बाहेर उभे राहिले. सगळी गेल्यावर आत आले. तिने कारण विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, 'जावयाचं नेट लागत असन तं लागू दे. पर मले लेक दाखव.' पुढे भाभीने काही विचारलं नाही आणि कॉल लावला.

घरी आले तर ओसरीच्या आड्याला पाळणा टांगलेला. सागवानाचा, नवा, चारी कोपऱ्यांना मोर कोरलेले. नात मलेशियात आणि पाळणा आमच्या ओसरीत. मी हसले आणि म्हटलं, हा कोणासाठी, म्हशीच्या वासरासाठी काय? ते म्हणाले, येईल तेव्हा लागेल. पाळणा मी गेल्यावर सुताराला सांगून करवून घेतला होता, म्हणजे मला कळायला नको.

दुसऱ्या दिवशी शेजारणीने उरलेलं सांगितलं. सांगितल्याशिवाय ती राहणारच नव्हती. त्या संध्याकाळी म्हशी पाळीवरून आपल्या आपण घरी आल्या. घरधनी त्यांच्या मागून आले, कोणाशी बोलले नाहीत, आणि आधी पाळणा सोडला. तो खांद्यावर घेऊन गोठ्यात गेले आणि धानाच्या तणसाच्या ढिगात पार खाली पुरून ठेवला. मग सायकल काढून सिंदेवाहीकडे गेले. परत आले ते गात आले, असं ती म्हणते. ते गात नाहीत, पण ती म्हणते. आल्या आल्या पाळणा काढून पुन्हा टांगला.

मी ओसरीत जाऊन पाळणा नीट पाहिला. मोरांच्या कोरणीत तणसाच्या काड्या अडकल्या होत्या. मी परत येईन तेव्हा रिकामा पाळणा माझ्या नजरेला पडू नये, म्हणून त्या माणसाने सगळ्यात आधी ते काम केलं होतं. मग लेकीकडे फोन. मी तिथेच खाली बसून रडले. माझ्या बेरजेवर रडले आणि त्यांच्यावर चिडून रडले. त्यांनी येऊन बघितलं.

'हे तनीस कायचं?' मी विचारलं.

'सुताराच्या घरचं असन,' ते म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. मी काड्या एकेक करून काढल्या.

यंदा नातीचा पहिला वाढदिवस. मला पुन्हा जायचं होतं, पंधरा दिवसांसाठी. पुन्हा भाभीचं दुकान, पुन्हा तेच रस्ते, पण आता जावयाचं वायफाय मोकळं असल्यामुळे मी स्वस्तात स्वस्त काय ते विचारणार होते. घराबाहेर पडल्यावर लागेल तेवढं चिमूटभर नेट घ्यायचं आणि बाकी फ्रिजवरचं, असा माझा बेत होता. या खेपेला घरधनी बरोबर आले. बांगड्यांच्या बाजूला स्टुलावर बसले आणि भाभीने एकामागून एक पॅक सांगितले ते सगळे ऐकून घेतले. इतके दिवस, इतके जीबी, इतकी मिनिटं.

मग त्यांनी खिशातून स्वतःचा बटणांचा फोन काढून काउंटरवर ठेवला.

'मले एक पडद्याचा फोन दे,' ते भाभीला म्हणाले. 'अन् हिले असा पॅक दे ज्याच्यात मोजा नाई लागन.'

मी महाग पडेल म्हणून तोंड उघडलं आणि पुन्हा बंद केलं. भाभीने तसा पॅक मारून दिला.